बस थांबवल्यासारखं

तिसऱ्या दिवशी सकाळी
आईनं बाबांची खालची पापणी ओढून बघितली.
कानावर ब्रश, ओठात विडी,
चाळीस वर्षं बोर्ड रंगवले,
निपाणीपासून खानापूरपर्यंत,
पण हा पिवळा त्यांच्या एकाही डब्यात नव्हता.

फुफ्फुसाचं आम्हाला पाठ झालं होतं.
किमोच्या तारखा, खोकल्याच्या वेळा,
थुंकीतला तांबडा धागा.
आम्ही पुढच्या दाराशी जागत बसलो
आणि तो परड्यातनं आत आला.

'यकृत निकामी झालंय.'
'म्हंजे?' आईनं मला विचारलं.
'काळीज,' मी म्हटलं.
तिचा हात छातीवर गेला.
मी तो धरून खाली आणला, उजवीकडं, बरगडीखाली.
'हितं? हितलं कधी दुखतंय म्हटले न्हाईत की.'

बेळगावच्या त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई हुक्केरीच्या.
मराठी बोलायच्या
चिखल चुकवत चालावं तसं.
'लुमाण्णा, हात पुढं करा. बस थांबवल्यासारखं.'
बाबांनी हात लांब केले.
तळवे उभे राहिले, पडले,
परत उभे राहिले, पडले.
'कुठली बस, बाबा? कुठं जाऊलाय?'
'बोर्ड दिसंना झालाय.'

मग कागद. नाव लिहा.
दोरी न मारता सहा फुटी 'श्री' काढणारा माणूस.
सरकारचा हुकूम आला तेव्हा
स्वतःचीच मराठी अक्षरं पुसून
त्याच पत्र्यावर कानडी काढली,
दोन्हीची मजुरी घेतली
आणि घरी येऊन दोन दिवस जेवला नाही.
'लु'चा उकार कागदावरून घसरला,
चादरीवर उतरला,
तिथंच थांबला.

रात्री ते कानडी बोलायला लागले.
आजी गोकाककडची, ते चार वर्षांचे असताना गेलेली.
घरात ती भाषा तिच्याबरोबरच संपली होती, असं आम्ही समजत होतो.
'अव्वा, नीर कोड.'
आई नुसती बघत राहिली.
शेजारच्या खाटेजवळची बाळव्वा उठली,
चमचा भरून ओठाशी नेला.
'कुडी, मगा.'
बाबा प्यायले. तिच्याकडं बघून
लहान पोरासारखं हसले.

आईनं तेवढा एक शब्द शिकून घेतला.
कुडी, म्हणजे पी.
पाणी ओठाच्या कोपऱ्यातनं परत येत होतं
तरी चमचा धरून ती म्हणत राहिली,
कुडी, कुडी,
पहाटेपर्यंत.
आमच्यात त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे.
तिला तो माहीत होता.