चुन्याची रेघ

ह्या वर्षी खालच्या शेतात वायंगण करायचं नाही
असं कोमुनिदादच्या बैठकीत ठरलं,
आणि मी चुन्याचं पोतं शोधायला लागलो.

बांध दोन मोडले. तिसरा राहिला,
डाव्या विंगला, घोट्याएवढा.
पाहुण्या संघांना तो आम्ही कधी सांगितला नाही.

आठ गावं. कुडतरीला हरलो, चिंचणीशी बरोबरी.
वेळ्ळीविरुद्ध मिनीनने मारलेला चेंडू
मानशीच्या पाण्यात पडला,
आणि कुर्ल्या धरणाऱ्या पोराने
तो परत द्यायला दोन भजी मागितली.

उपांत्य फेरीच्या आदल्या मंगळवारी
आग्नेलला बोटीवरून बोलावणं आलं.
तारवटी माणूस, बॅग भरलेलीच असते.
हातमोजे त्याने पदेराच्या धाकट्याला दिले,
बोटांच्या टोकांशी कापूस कोंबून.

पोराने तीन पेनल्टी अडवल्या.
चौथीने हातमोजा काढून नेला
आणि दोघं मिळून जाळ्यात गेले.

कोणी रागावलं नाही.
म्हणजे, पुंडलिक रागावला,
पण तो लग्नातही रागावतो.

दोन दिवसांनी समुद्रातून मेसेज : किती?
मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आता मे सरत आलाय.
खांब कपेलाच्या मागे उभे,
जाळ्यात कोणाची तरी कोंबडी अडकते रोज.
नांगर फिरला की रेघा लगेच जातात.
पेनल्टीचा ठिपका मात्र मी हाताने भरतो, मूठभर जास्त.
गेल्या पावसात तेवढ्याच जागी
भात पिवळं आलं होतं.
कायतानने विचारलं, असं कसं?
मी म्हटलं, माती.