झडती

पाचव्या दिवशीही ताप हटेना,
तेव्हा जेलरोडवरून रिक्षा केली.
जुईचे डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत.
ओठ फुटलेले. जीभ
वणीच्या घाटात द्रोणातून विकतात
त्या स्ट्रॉबेरीसारखी.

कोठावदे डॉक्टरबाईंनी तळवे उलटून पाहिले.
कावासाकी, म्हणाल्या.
मला मोटरसायकल आठवली.
मग त्यांनी केसपेपरमागे हृदय काढलं,
त्यावरून उतरणाऱ्या दोन बारीक धमन्या.
हिच्या रक्तातले पहारेकरीच
हिच्या धमन्यांवर उठलेत.
का?
ते नक्की कुणालाच ठाऊक नाही.

मी नोटांच्या प्रेसमध्ये.
एकोणीस वर्षं रोज सुटताना झडती देतो,
खिसे, डबा, बुटांचे तळ.
गेटवरचा नावानं ओळखतो
तरी हात वर करायला लावतो.
मला कधी राग आला नाही.
कुठे थांबायचं, त्याला कळतं.

रात्री बाटली टांगली. बारा तास, थेंब थेंब.
हजारो जणांच्या रक्तातून गोळा केलंय हे,
सिस्टर म्हणाली, आणि महाग आहे, नळी ओढू देऊ नका.
एवढी अनोळखी माणसं
एका मनगटातून आत गेली.
आतल्यांना काय सांगितलं त्यांनी?
अरे, सोडा.
घरचीच आहे.

पहाटे तिनं पाणी मागितलं.

आता बोटांची सालं निघतायत,
ती काडेपेटीत जमवते.
सहा आठवड्यांनी पुन्हा एको.
रजा टाकून ठेवलीय.

काल गेटवर हात वर केले.
पोरगी कशी आहे, त्यानं विचारलं
आणि खिसे चाचपत राहिला.