मान

चार नंबरच्या खाटेवरचा म्हातारा
तीन रात्री सांगत होता, दुखतंय.
आणि तीन रात्री मी लिहीत होते:
वेदना नाही.

झेनेल द्रागा. वय एक्क्याऐंशी. खुब्याचं हाड.
भाषेच्या रकान्यात कुणीतरी घाईनं ‘इंग्रजी’.
खोटं नव्हतं ते, जिन्यावरून पडेपर्यंत.
चाळीस वर्षं त्यानं इंग्रजीतच पिझ्झा विकला
वॉटरबरीच्या चढावर, बंद पडलेल्या पितळेच्या गिरणीसमोर.
पाटी इटालियन, भट्टी इटालियन, मालक दिब्राचा.
शनिवारी शटर अर्धं ओढलं की
त्याच भट्टीत, फक्त घरच्यांपुरता, ब्युरेक.

भूल उतरली तशी इंग्रजीही उतरली,
झोपेत अंगावरून चादर घसरावी तशी.
मी विचारायचे, दुखतंय का?
तो मान हलवायचा. डावीकडे, उजवीकडे,
सावकाश, जणू दोन्ही बाजूंच्या डोंगरांना विचारून.
मग एक शब्द पुटपुटायचा, धेंब.
मला ऐकू यायचं थेंब.
मी ओला कापूस त्याच्या ओठांवर टेकवायचे,
आणि तो माझ्याकडे असा बघायचा
की मला वाटायचं, तहान भागली.

चौथ्या रात्री नात आली, दुकान बंद करून,
कोपराला पीठ. रेझार्ता.
वाकून तिनं विचारलं, आ त धेंब?
त्यानं मान हलवली. तीच, आडवी.
‘दुखतंय म्हणतोय,’ ती म्हणाली.
पण त्यांनी तर मान…
‘तोच हो आहे.’

तोच हो आहे.
आणि नाही म्हणजे हनुवटी वर, जिभेचा एक च्.
तो च् तर माझ्या आत्याचाही होता,
उसनी साखर मागायला आलेल्या शेजारणीसाठी.

निदान मला तरी कळायला हवं होतं.
पहिल्याच आठवड्यात इथल्या मेट्रननं मला थांबवलं होतं,
तुझं हे काय आहे, हो की नाही?
माझी मान तेव्हा मिरजेची होती,
तिरकी डुलायची, दोन्हींच्या मधे कुठेतरी.
मग मी शिकले. वर-खाली, वर-खाली,
दारात आलेल्या नंदीबैलासारखी,
पाऊस पडेल का, पडेल; नोकरी टिकेल का, टिकेल.

इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासानं तो म्हणाला, मिर.
‘बरं वाटतंय,’ नातीनं सांगितलं.
मला वाटलं, गाव विचारतोय.

रात्रभर ती बोलत राहिली, त्याची नखं कापता कापता.
आजोबाला दोन माना होत्या.
गल्ल्यावर एक, घरात दुसरी.
तिला मात्र घरातलीच घेऊन शाळेत पाठवलं.
बाईंनी विचारलं, समजलं का?
तिनं आडवी हलवली. रोज समजायचं, रोज आडवी.
महिनाभर मागच्या बाकावर, मंद मुलांत.
‘नंतर मी ती टाकून दिली,’ म्हणाली,
दुधाचे दात टाकतात तशी, हसत.
नखकात्री तेवढी थांबली होती.

मी खाटेवरच्या फळ्यावर लाल शाईनं दोन बाण काढले:
आडवा, हो. उभा, नाही.
दिवसपाळीनं ते दोनदा पुसले, मी दोनदा काढले.

रविवारी ती कागद घेऊन आली.
दुकानाला गिऱ्हाईक आहे, किंमत बरी आहे,
तिच्यानं एकटीनं होत नाही.
एवढं सगळं तिला दिब्राच्या भाषेत जमेना,
तिनं इंग्रजीतच विचारलं, विकू का?

म्हातारा बराच वेळ छताकडे बघत होता.
मग त्याची मान हलली.
उभी. एकदा वर, एकदा खाली.

तिनं फळ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
‘ही कुठली होती,’ तिनं विचारलं,
‘गल्ल्यावरची की घरातली?’

पुन्हा विचारायला ती वाकली, तोवर त्याला झोप लागली होती.
ती अजून माझ्याच उत्तराची वाट बघत होती,
आणि माझी मान,
इतकी वर्षं वळण लावलेली,
तिरकी डुलली.