काटा

सोमवार ते शनिवार मी ट्रक तोलायचो.
मर्सेडेसला, नदीकाठच्या धान्याच्या सायलोपाशी, एकतीस वर्षं.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधली वजाबाकी म्हणजे गहू.
ड्रायव्हर म्हणत, एल्बिओचा काटा
बायकोला घाबरत नाही, मालकालाही नाही.
मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

रविवारी काळा शर्ट.
गळ्यात शिट्टी, खिशात दोन कार्डं,
मानधन म्हणून सॉसेज घातलेला एक पाव
आणि माझ्या आईचा उद्धार, दोन्ही बाजूंनी, समसमान.

त्या रविवारी फ्राय बेंतोसचा पंच आलाच नाही.
बस बंद पडली, की त्याची मेहुणी बाळंत झाली,
नेलिदा एक सांगते, मी दुसरं.
"माझा पोरगा खेळतोय," मी म्हटलं.
दोन्ही कोच हसले. "एल्बिओ, काटा तुझा आहे."

फाब्रिसिओ पंधराचा. डावा मोजा घोट्यावर उतरलेला.
सारखा उतरायचा, इलास्टिक गेलेलं,
बदलून देतो म्हणालो होतो मी.
चार मिनिटं उरली असतील.
चेंडू चुन्याच्या चौकटीत उसळला,
त्याच्या हाताला लागला. किंवा खांद्याला.
नदीवरून ऊन थेट डोळ्यांत येत होतं.

शिट्टी आधी वाजली.
पाहिलं मी नंतर.

हे कुणाला सांगितलेलं नाही.
दुसऱ्या कुणाचा पोरगा असता
तर मी श्वासभर थांबलो असतो.

रात्री तो जेवला. ताटाकडे बघत म्हणाला, "मीठ."
मी सरकवलं.
त्या सामन्यावर आमच्यात झालेलं बोलणं, आजवर, तेवढंच.
गावाने मात्र पाठ थोपटली. काटेकोर माणूस!
न्हाव्याने महिनाभर पैसे घेतले नाहीत.
मीही नको म्हटलं नाही.

आता तो लगद्याच्या कारखान्यात, पाळीवर.
चाळिशी उलटली, गुडघा वाजतो,
जिना उतरताना मला ऐकू येतो.
मिलाग्रोसच्या सामन्यांना मला गाडीतून नेतो.
ती नऊ वर्षांची, गोलकीपर, हातमोजे जवळजवळ कोपरापर्यंत.
इतर बाप जाळीला लटकून ओरडतात.
हा थर्मास काखेत धरून उभा, गप्प,
पंचाकडे बघतसुद्धा नाही.
परवा तिने सहा गोल खाल्ले.
सहाव्यानंतर खाली वाकून
पायातले मोजे वर ओढले, दोन्ही, नीट.
मी येर्बाचा घोट घाईत घेतला, जीभ भाजली.

परतताना मागच्या सीटवरून:
"आजोबा, तेव्हा बाबांच्या हाताला लागला होता का?"
हिला कुणी सांगितलं? नेलिदानेच, आणखी कोण.
मी तोंड उघडलं. शब्द येता येता
फाब्रिसिओने गिअर बदलला.
"लागला होता," तो म्हणाला,
इतकं सहज, की जसं कुणी मीठ सरकवावं.

खरं असेल.
किंवा त्याने ते मला दिलं असेल.
ही वजाबाकी माझ्याने होत नाही:
भरलेला ट्रक काट्यावर उभा आहे,
रिकामा होऊन तो परत आलाच नाही.

पुढे पेट्रोल पंपावर त्याने विचारलं,
लघवीला उतरायचंय का.
उतरलो. त्याने दार धरून ठेवलं होतं.