कमी कटकटीचा

तीन दुकानं, एक वही, वहीत दोन रकाने:
किंमत आणि कटकट.
लॅबची ड्युटी सात ते तीन, कधी उलटी,
ओजसची दहावी,
नवरा आठवड्यातले चार दिवस फलटणला.
मला हवा होता असा स्किमर
जो माझी आठवण काढणार नाही.

कराडात समुद्र गोणीतून येतो.
मीठ, आरओचं पाणी, बादलीत रात्रभर घुसळण,
आणि प्रीतिसंगमापासून दीड किलोमीटरवर,
दुसऱ्या मजल्यावर, फ्रीजशेजारी,
भरती-ओहोटी नसलेला दोनशे लिटर समुद्र.
त्यात दोन क्लाऊन मासे, एक कोळंबी,
आणि जांभळं काहीतरी धरू लागलेला एक दगड.

मुबारक बारगीर म्हणाला, ताई, हा घ्या,
जर्मन पंप, मान आपली आपण पुसतो,
महिनाभर बघायला नको.
किंमत ऐकून मी चष्मा पुसला.
दुसरा काचेला टांगायचा, स्वस्त,
पण पाणी बोटभर उतरलं की रुसणारा.
तिसरा साधा. रुंद मान, एकच चावी,
कप फिरवला की हातात.
"ह्याला मात्र एक दिवसाआड पुसावं लागतं,"
तो खरं बोलला, आणि स्वतःचंच गिऱ्हाईक बिघडवलं.

मी रोज बघते:
लघवीच्या बाटलीत फेस टिकला
की रिपोर्टआधीच कळतं, प्रथिनं बाहेर चाललीत.
इथे तेच घडायला हवं, मुद्दाम.
बुडबुड्याच्या सालीला चिकटून
घाण वर यावी, मानेतून चढावी,
कपात पडावी, उकळून काळ्या झालेल्या चहासारखी.
मान बुळबुळीत झाली की फेस घसरतो.
सगळी कटकट मानेत असते.

तात्या बरोबर आले होते, डोळ्यांचे थेंब घ्यायचे म्हणून.
चाळीस हंगाम गुळव्या म्हणून काढलेला माणूस,
स्टुलावर बसून ऐकत होता.
रस तापला की भेंडीचं पाणी,
आधी काळी मळी, मग भुरी,
झाऱ्याने कडेकडेने,
काहिलीवरून नजर न हलवता.

"फेस काढायचं यंत्र?"
"हो."
"आन त्याच्याकडं बगायचं न्हाई?"
"तेच तर हवंय, तात्या."
ते काही बोलले नाहीत.
मुबारकने चहा सांगितला.

साधाच घेतला.
शेवटी पैशांनी निवडला, खोटं कशाला बोलू.

नऊ दिवस नुसतंच फुसफुसणं.
दहाव्याला कप भरला.
अकराव्याला पुसायला गेले, तर मान लख्ख.
बाराव्यालाही.
कटकटीच्या रकान्यात मी शून्य लिहिलं
आणि मग खोडलं,
कारण तात्यांच्या बंडीला खाडीचा वास येत होता.

"हिचं काय करायचं?" कप पुढे धरून.
"ओतून द्यायचं."
मळी अशी कुणी ओतून देत नसतं.
गॅलरीतल्या कढीपत्त्याला घातली त्यांनी,
चार दिवस, गुपचूप.
पाचव्या दिवशी पानं गळाली.
"खारं हुतं. इसरलो," एवढंच.
कुंडी अजून तिथेच आहे,
मी हलवायला गेले की म्हणतात, राहू दे.

काल रात्री लाइट गेली.
आवाज थांबल्यानेच मला जाग आली.
बाहेर आले, तर टाकीसमोर तात्या,
हातात ओजसची टॉर्च,
मानेतला फेस हळूहळू खाली बसत चाललेला.

"चुलवण इझलं," म्हणाले.
"झोपा. येईल लाइट."
"तू जा. आल्यावर एकदम उतू जातंय ते.
कोण तरी पायजे."

मी आतून चटई आणली.