तिसरे तिघे

पहिल्या तिघांना थेंबभर.
काही झालं नाही, म्हणून पुढच्या तिघांना दुप्पट.
आम्ही तिसरे तिघे:
मी, वर्ध्याची एक शिक्षिका,
अन् इतवारीतले हेडाऊ, सावजी खानावळवाले.

डॉक्टर म्हणाल्या, औषध लागू पडेलच असं नाही;
किती सोसतं, एवढंच पाहायचंय.
हेडाऊ हसले. "तर्रीचं बी असंच असते बाप्पा.
गिऱ्हाइकाच्या कपाळावर घाम आला
का हात आवरायचा."

बाहेर सेहेचाळीस अंश. कूलरमधल्या वाळ्याचा वास
आता मला मळमळवतो.
सिस्टर तेही लिहून घेते, वेळेसकट.

सोमवारी हेडाऊंच्या पांढऱ्या पेशी घसरल्या.
त्यांची खाट रिकामी नाही, पडदा ओढलाय फक्त.
आतून आवाज आला:
"लिवा सिस्टर. इथं आवरा हात."