आरशांचा गोळा

गोळा मी केला होता.
रबरी चेंडूवर सलूनमधल्या फुटक्या आरशाचे तुकडे,
फेव्हिकॉल, आणि वर टेबलफॅनची मोटर.
फिरताना कुरकुरायचा. त्याखाली उभी राहायची
एस्तेर मधाळे, मिशन हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या शमुवेलची थोरली.
पोस्टरवर मात्र बेबी स्टेला.

मिरजेच्या चर्चमध्ये सातव्या वर्षापासून गायची.
आवाजाच्या बुडाशी काहीतरी होतं,
विहिरीत कळशी पहिल्यांदा पाण्याला टेकते तसं.
मग युनूस शिकलगारनं,
ज्याच्या घरी चार पिढ्या सतारी होत आल्या,
तुणाच्या लाकडाची बेस गिटार केली, कडेनं हाडाची वेलबुट्टी,
आणि बापाचा मार खाल्ला.
त्या तारेला तिनं आपली कळशी बांधली.

एक्क्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी. काय सांगू.
विटा, जत, आष्टा, कवठेमहांकाळ,
कारखान्याचा पट्टा पडला की आमचं बुकिंग.
लाईट गेली तर जनरेटर,
जनरेटर गेला तर नुसता तिचा गळा.

सांगलीच्या मार्केट यार्डात हमालांचा गणपती होता.
हळदीची पोती सरकवून जागा केलेली.
लोक नाचायला लागले तसं फरशीतून पिवळं उठलं,
आणि माझ्या गोळ्याचे ठिपके त्या धुळीत
हातानं वेचता येतील असे उभे राहिले.
तिच्या चंदेरी गाऊनवर हळद, पापण्यांवर हळद.
कुणीतरी ओरडलं, "नवरी झाली की रं!"
ती माइकमध्येच हसली.
लग्न तिनं केलं नाही.

पास्टर घरी आले. "हा ठेका सैतानाचा."
तिनं त्यांचा हात उचलून त्यांच्याच छातीवर ठेवला.
"मोजा," म्हणाली. "धप्, धप्, धप्, धप्. कुणाचा हाय?"
ते चहा न घेता गेले.
पण रविवारी दुसऱ्या बाकावरची तिची जागा
कुणी घेतली नाही.

मुंबईला एकदाच.
काचेच्या खोलीत तिनं आठ ओळी गायल्या,
काचेपलीकडचे सगळे उभे राहिले.
दोन महिन्यांनी कळलं, तो नुसता मापाचा आवाज,
शिंपी आधी मांजरपाट कापून बघतो तसा.
अंगावर चढलं ते दुसऱ्याच कुणाचं.
येताना पहाटे कराड स्टेशनवर तिनं चहा घेतला,
मला म्हणाली, "लई कुरकुरतो तुझा गोळा. तेल घाल त्याला."
मुंबईवर एवढंच बोलली, आजतागायत.

कोल्हापुरात काढलेली एक कॅसेट आहे. तीनशे प्रती.
दुसरी बाजू कोरी, पैसे तिथंच संपले.
माझ्या प्रतीच्या त्या बाजूला
पोराची बाराखडी भरलीय, मधे कुकरच्या शिट्ट्या.

मग भिंती आल्या, काळ्या खोक्यांच्या.
त्यांना माणूस लागत नाही.
युनूस कुवेतला गेला, गिटार भावाच्या दुकानात टांगून.
तिनं आयाची निळी काठाची साडी नेसली,
बाप जिथं चादरी धुवायचा त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर.

तीन साली मी खांबावरून पडलो.
पायाला वजन टांगलेलं, रात्रीचे अडीच,
वॉर्डात वीस माणसं छताकडं बघत जागी.
ती औषधांचा ट्रे घेऊन आली. ओळख दाखवली नाही.
बाटली बदलली, आणि नखानं
ट्रेच्या कडेवर, अगदी हळू,
चार मात्रा. सरळ. मधे काही नाही.
मग खालून, घशाच्याही खालून, नुसतं गुणगुणणं,
बोल नव्हतेच त्याला.
मी बघितलं, समोरच्या प्लास्टरमधून
एक अंगठा बाहेर होता, तो हलत होता.
त्याच्या शेजारचाही.

नऊ नंबरचा जतचा म्हातारा, डोळे मिटलेलेच, म्हणाला,
"बाई, जरा मोठ्यानं."

"गप झोपा," ती म्हणाली.
"सातला सुटते मी."